डोंगे बांधायचा काठ

बा, गेल्या महिन्यात मी आपल्या काठावर जाऊन आले. एकटी नाही, सगळं सासर सोबत घेऊन. तेव्हापासून तोंडात एक आंबट चव राहिली आहे, चूळ भरली तरी जात नाही. तू जाऊन वीस वर्षं झाली, पण हे सांगावं असं दुसरं कोणी मला सुचेना.

आपल्याकडच्या प्रतापगडच्या महादेवाचं दर्शन झाल्यावर नंदोई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, म्हणाले, जवळच धरण आहे, तिकडे जेवू. दोन गाड्या होत्या. रस्ता मला पाठ होता. टेकडीला वळसा घातला की पाणी आत शिरतं, तिथे वारा लागत नाही, म्हणून मासे धरणाऱ्या गावच्या सगळ्या ढिवरांचे डोंगे तिथेच बांधलेले असत. बाहेर धरण खवळलेलं असलं तरी आत पाणी निजल्यासारखं. तुझ्या डोंग्यातून मी पलीकडच्या शाळेत जात असे. एकदा मी सहज पाण्यात थुंकले आणि तू वल्हं आडवं ठेवलंस. ओरडला नाहीस. "थुकून राहिलीस कायले? ह्याच पाण्यावर आपली चूल पेटते." मी त्याच पाण्याची ओंजळ पिऊन दाखवली, तेव्हा कुठे डोंगा हलला. त्या दिवशी पहिला तास बुडाला.

आता ते पाणी ओंजळीत घ्यायचं म्हटलं तर ओकारी येईल. काठाला थर्माकोलची ताटं, कोंबड्यांची पिसं, फुटक्या बाटल्या. कुणाच्या तरी लेकराचे वापरलेले डायपर फुगून पांढरे झालेले, पाण्यावर हलके हलके डोलतात. वारा नाही म्हणून आपण ज्या जागेवर जीव टाकायचो, तिथली घाणही वारा नाही म्हणूनच हलत नाही. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "शी! कसले लोक राहतात इथे!" इथे राहणारे डायपर वापरत नाहीत, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. नंदोईंनी गाडीची चाकं पाण्यात घातली आणि गाडी धुवायला घेतली. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला, माझा मुलगा त्याला इंद्रधनुष्य म्हणाला आणि सगळे हसले. जेवणं झाल्यावर मी उष्टी ताटं एका पिशवीत भरली, तर हे म्हणाले, "राहू दे, इथं कोण पाहतं." मी पिशवी पळसाच्या बुंध्याशी ठेवून दिली. बा, ती पिशवी माझ्या हाताने तिथे राहिली.

मग एक म्हातारी टोपली घेऊन आली. मी तिला लांबूनच ओळखलं. तुझ्या शेजारी डोंगा बांधणाऱ्या काकाची बायको. आई गेल्यावर दोन वर्षं मी तिच्याच चुलीपुढे जेवले होते. नंदोईंनी बुटाच्या टोकाने टोपलीतली मासोळी उलटवून पाहिली. "ए बुढी, ताजी है क्या? बास मार रही है।"

काकी म्हणाली, "आज पहाटेची आहे, भाऊ. बास तं तुमच्या बाटल्यांची येऊन राहिली."

कुणीतरी फिसकन हसलं. नंदोईंचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी टोपलीला लाथ मारली. साधी, चेंडूला मारावी तशी. मासोळ्या त्या पिसांत आणि काचांत पसरल्या. "बात करने की तमीज नहीं इन लोगों को।" हे मोबाइलमध्ये बघत राहिले. काकी खाली बसून एकेक मासोळी उचलून लुगड्याला पुसू लागली. मध्येच तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि माझं घरातलं नाव घेतलं, तू हाक मारायचास ते. "तू आमच्या भाऊजीची पोरगी नाहीस का व?"

मी म्हटलं, "नहीं अम्मा, हम गोंदिया के हैं।"

हिंदीत म्हटलं, बा. तिच्याशी जन्मात हिंदी बोलले नव्हते. सासरी मी तुला पाटबंधारे खात्यात नोकरीला लावून ठेवलं होतं. यांना खरं माहीत होतं, बाकी कुणाला नाही. नंदोईंची किळस आली होतीच, पण ते वाक्य बोलताना माझाच आवाज मला एखाद्या परक्या बाईसारखा, गुळगुळीत, ओशट लागला.

घरी आल्यावर मुलगी माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. अकरा वर्षांची आहे. "त्या आजीला तुझं नाव कसं माहीत होतं?" मी कणीक मळता मळता सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग फुफाजींनी लाथ मारली तेव्हा तू काऊन चूप होतीस?" त्याच संध्याकाळी मी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की माझे वडील ढिवर होते आणि ती बाई माझी काकी. यांनी मान खाली घातली. नंदोईंना नणंदेकडून कळलं असेलच, त्यांचा फोन नाही. सासूबाई त्या दिवसापासून स्वतःचं पाणी स्वतः भरून घेतात.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन मी एसटीने गेले. काकी दारात जाळं सांधत बसली होती. मी सांगू लागले, तर तिने मधेच तोडलं. "ओळखलं होतं म्या. गाडीनं आलीस तं नाही म्हणालीस, एसटीनं आलीस तं हो म्हणून राहिलीस." मी पाया पडायला वाकले, तिने पाय मागे घेतले. "पाया नको पडू. त्या दिवशी मासोऱ्या उचलाले वाकली असतीस तं झालं असतं." नंतर ती फक्त पोरीशी बोलली. तिला डोंग्यात बसवलं, वल्हं धरायला शिकवलं. मी काठावर पिसांत, काचांत उभी राहिले. मला कुणी ये म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. मी गोंदियाला होस्टेलवर होते तेव्हा तू एकदा सुकवलेल्या मासोळीची पुडी घेऊन आला होतास. खोलीतल्या मुलींनी नाकं दाबली. तू फाटकाबाहेर वळेपर्यंत मी थांबले आणि ती पुडी मागच्या नालीत टाकली. महिन्याने तू विचारलंस, "मासोळी गोड होती का व?" मी म्हटलं, "हो, संपली." तू एवढा खूश झालास की पुढच्या खेपेला दोन पुड्या आणल्यास. त्याही मी तिथेच टाकल्या.