मातुलमाहात्म्य

प्रिय शिवरामन,

अखिल मातुलकुलाचा मुकुटमणी जो तू, त्या तुला तुझ्या धाकट्या बहिणीच्या पतीचा, म्हणजे माझा, मस्कतहून सविनय नमस्कार.

रेमा आणि मुले इथे येऊन चार महिने झाले. त्यापूर्वी मी वर्षातून एकदा चॉकलेटांचे ओझे घेऊन गावी अवतरणारा पाहुणा होतो आणि मुलांना खांद्यावर घेऊन फिरणारा पुरुष तू होतास. हा इतिहास मला मान्य आहे. मात्र इतिहासाने वर्तमानात किती लुडबुड करावी याला काही मर्यादा असावी, हे माझे मत शुक्रवारच्या सहलीत अधिकच दृढ झाले.

त्या दिवशी मुलांच्या मनातले पितृपद विधिवत ग्रहण करावे, असा माझा संकल्प होता. डोंगरातल्या ओढ्याकाठी, खजुरीच्या सावलीत चटई अंथरली. मी पाण्याची शोभा वर्णिली. पाच वर्षांची तुझी भाची पारु म्हणाली, ‘मामाच्या नदीत होडी असते.’ मी डोंगर दाखवला. ‘मामाकडचा हिरवा असतो. हा नुसताच आहे.’ आकाश दाखवण्याचा मोह मी आवरला. तेही तुझ्याच मालकीचे निघाले असते.

मग भोजनप्रसंग. आपल्याकडे वडीलमाणसाने भात कालवून मुलांना हाताने भरवावे, हा वात्सल्याचा राजमार्ग. मी बाह्या सारल्या आणि माशाच्या आमटीत भात कालवून एक सुडौल गोळा वळला. पारुने तो सर्व अंगांनी न्याहाळला. ‘बाबा, हा घास आहे की चेंडू? मामाचा लिंबाएवढा असतो. आणि आत पापडाचा चुरा लपवलेला असतो.’ मी लिंबाएवढा केला, चुराही लपवला. ‘दिसतोय,’ ती म्हणाली. इतक्यात एक धष्टपुष्ट शेळी आली आणि तो घास माझ्या हातातून निमूट खाऊन गेली. माझ्या वात्सल्याला लाभलेली ती एकमेव दाद. रेमा म्हणाली, ‘चला, निदान हिला तरी माझ्या दादाच्या हातची चव ठाऊक नाही.’

हात धुवायला मी पाण्याकडे वळलो, तर तीन वर्षांचा कण्णन माझ्या मागोमाग आलेला. शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि तो थेट डोहात गेला. मी चष्मा, चपला व प्रतिष्ठेसह उडी मारली. पाणी माझ्या छातीएवढेच होते; त्याच्या मात्र डोक्यावरून. वर काढताच त्याने माझ्या मानेला अशी मिठी मारली, की मला श्वास घेता येईना, आणि घ्यावासाही वाटेना. मग त्याने तोंड उघडून सारी दरी दुमदुमवणारा टाहो फोडला: ‘मामा.’

शिवरामन, उडी मी मारावी, भिजावे मी, आणि धावा मात्र समुद्रापलीकडे ओटीवर पान खात बसलेल्या तुझा व्हावा, हा कोणता न्याय? परतीच्या वाटेवर हा खटला मी रेमापुढे मांडला. ती म्हणाली, ‘घाबरला की ज्याला हाक मारायची सवय आहे, त्यालाच मारली त्याने. पण मान कुणाची धरली होती?’ खटला मी तिथेच मागे घेतला.

आता पत्राचे प्रयोजन. गेले आठ दिवस तुझा रात्रीचा फोन बंद आहे. ‘इकडे आवाज नीट येत नाही,’ असे तू रेमाला कळवलेस. फोनचा मनोरा तुझ्या अंगणासमोरच आहे, हे बहुधा मी विसरलो असेन अशी तुझी समजूत. मुलांना माझा लळा लागावा म्हणून तू बाजूला झालास, हे मला पहिल्याच रात्री उमगले. तरी मी अत्यंत सभ्यपणे गप्प राहिलो, कारण मला बरे वाटत होते. पण दोघे जेवताना फोनकडे पाहत राहतात, आणि काल पारुने मला हळूच विचारले, ‘मामा आमच्यावर रागावलाय का?’ माझा मत्सर शाबूत आहे आणि तो सोडण्याचे वचन मी देत नाही. पण त्याची शिक्षा त्या दोघांना नको. आज रात्री फोन कर. पारु उचलील. मी शेजारीच बसलेला असेन, पण माझी विचारपूस करू नकोस. मुलांचा तेवढा वेळ वाया जातो.

जळत असूनही तुझाच,
माधवनकुट्टी