आईच्या माहेरामागचा डोंगर

अप्पा, आईच्या माहेरी अजून डोंगर आलेला नाही. मागच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन बघून आले. माढ्याच्या अलीकडे एसटीतून उतरलं की पूर्वी होती तशीच पोळपाटासारखी सपाट जमीन, मध्ये एखादं कडुलिंबाचं झाड आणि मग थेट आभाळ. ऊस तेवढा वाढलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी नोकरीतून निवृत्तसुद्धा झाले, तरी त्या डोंगरावरून आपलं जे भांडण होतं ते मी माझ्या बाजूने एकटीच चालवत होते. तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे मी जिंकले, असं धरून चालले होते. आता त्यात एक नवीन गोष्ट घडली आहे आणि ती तुम्हाला कळवणं भाग आहे, नाहीतर तो रडीचा डाव होईल.

आठवडाभर शाळेत पोरांना चित्रकला शिकवून तुमची हौस फिटायची नाही. रविवारी उजाडलं की सायकलच्या कॅरिअरला ड्रॉइंग बोर्ड, हँडलला पाण्याचा डबा आणि पुढच्या दांडीवर मी, अशी आपली वरात हिप्परग्याच्या तळ्याकडे निघायची. बाकीची मंडळी गुलाब काढायची, कमळं काढायची. तुम्ही तळ्याकाठच्या बेशरमीच्या झुडपासमोर स्टूल टाकायचात. "फुकट फुलतंय, कुणी बघत नाही, मग आपण बघायचं," असं तुमचं म्हणणं. आणि बघायचात तरी किती! मी डब्यातला हिरवा रंग सरळ कागदावर फासला की माझा हात धरायचात. "पान हिरवं असतं हे तुला कुणी सांगितलं? त्यात निळं आहे, तांबडं आहे, कडेला तर पांढरं आहे. बघ की नीट." मी डोळे ताणून बघत बसायची आणि थोड्या वेळाने खरंच त्या पानात निळं दिसायला लागायचं. तो आनंद मला अजून पुरतोय. फुलाच्या घशातला गडद जांभळा रंग जमेपर्यंत तुम्ही थर्मासमधल्या चहालासुद्धा हात लावत नसायचात. आणि एवढं सगळं इमानदारीने झाल्यावर, ऊन तापून माझं डोकं दुखायला लागल्यावर, कागदाच्या वरच्या बाजूला शांतपणे डोंगर काढायचात. एक नव्हे, तीन. त्यांच्यामागे धुकं. बेशरम इथली, पाणी इथलं, म्हशीच्या पाठीवरचा बगळा इथला, आणि डोंगर कुठले ते देवाला ठाऊक.

म्हशी धुवायला आलेला एक माणूस एकदा बराच वेळ तुमच्या मागे उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मास्तर, ह्यो डोंगर कुटला?" तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "हितलाच." आणि अप्पा, तो माणूस खरोखर वळून बघायला लागला. कपाळावर आडवा हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा जन्म तळ्यावर गेला आणि एवढी मोठी वस्तू बघायची आपली राहिली कशी, म्हणून तो बिचारा ओशाळला. मला ते सहन झालं नाही. मी ठणकावून सांगितलं, "हितं डोंगर नाहीच. अप्पा मनाने काढतात." तुमचे कान लाल झाले. "आहे ते बघायला लोकांना डोळे आहेत," तुम्ही म्हणालात. "माणसाला टेकायला भिंत लागते, तशी चित्रालाही लागते. मागं काही नसलं की चित्र उताणं पडतं. तुला काय कळतंय? गप ब्रश धू." घरी येताना पायडल जोरजोरात मारत होतात आणि प्रत्येक खड्ड्याला दांडीवर माझं जे व्हायचं ते होत होतं.

पुढच्या रविवारी मात्र खिशातून कागदात गुंडाळलेला खारीच्या केसांचा बारीक ब्रश काढून दिलात. "घे. खरं बोलणाऱ्याला बारीक ब्रश लागतो. खोटं काय, जाड ब्रशानेसुद्धा छान निघतं." ती शाबासकी होती की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. ब्रश माझ्याकडे आहे. निम्मे केस गळालेत, पण टोक शाबूत आहे.

तळ्यामागे डोंगर घातलात तेव्हा तळं बिचारं काही बोललं नाही. आईच्या माहेरामागे घातलात आणि फसलात. ते माझ्या जन्माच्या आधीचं, पण आईने इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, तुम्ही सासुरवाडीला, आणि सासऱ्यांशी काय बोलायचं हे न सुचल्यामुळे दिवसभर बांधावर बसून चित्र. विहीर, विहिरीवरचं लिंब, हुरड्याला आलेली ज्वारी, आणि ढोरं आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेने पेरलेली काटेरी करडई, ऐन फुलात. कोवळी पिवळी, मग केशरी, वाळत आली की लाल. ते फ्रेम करून तुम्ही नव्या नवरीसमोर धरलंत. तिने विहीर ओळखली, लिंब ओळखलं, तिचे डोळे भरून आले. मग नजर वर गेली.

"ह्यो डोंगर कुणाचा?"

"तुमच्या रानामागचा."

"आमच्या रानामागं पाटलाचं रान हाय. त्याच्यामागं माढ्याचा रस्ता हाय. डोंगर कुटनं आला?"

तुम्ही म्हणे भिंतीचं आणि टेकण्याचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलंत. आई म्हणाली, "माजं म्हायेर मला जसं हाय तसं पायजे. डोंगरवालं म्हायेर दुसऱ्या कुणाचं तरी आसंल, तिला द्या जावा." चित्र बाहेरच्या खोलीत लागलं नाही ते नाहीच. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या खिळ्याला लागलं, तेही भिंतीचा पोपडा झाकायला. जन्मभर त्याने फोडण्या खाल्ल्या. धुकं हळूहळू हळदीच्या रंगाचं झालं. भाकरी थापताना आई समोर बघायची ती त्या चित्राकडेच, कारण तिथे दुसरं बघायला काही नव्हतं. तुम्ही जेवायला बसलात की ती हमखास म्हणायची, "तुमच्या डोंगराला जळमटं लागली बगा." आणि तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "माझा नाही, तुझ्या माहेरचा." याच्यावर मी मोठी झाले.

तुम्ही गेल्यावर पुढे कधीतरी घर रंगवायला काढलं, तेव्हा चित्र खाली उतरवलं, तर मागून सगळी वाळवी. करडई गेली होती, विहीर गेली होती, डोंगर तर पीठ होऊन माझ्या हातावर सांडला. आई रिकाम्या खिळ्याकडे बघून म्हणाली, "सुटले बया." विषय संपला असं मला वाटलं. हल्ली तिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही, मोटारीतही कंबर धरते. माहेर आता फोनवर ऐकण्यापुरतं उरलंय. या हिवाळ्यात एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तू रिकामीच हाईस की आता. माजं रान काढून आण. आता माज्यानं तितं जाणं व्हत न्हाय. करडई फुलात आली आसंल." आणि लगेच गवारीची शेंग माझ्यावर रोखून, "जसं हाय तसं काढ. तुज्या बापासारकं डोंगरबिंगर घालू नगंस." अप्पा, मला आतून उकळ्या फुटल्या. जन्मभर जे मी ओरडून सांगत होते तेच आता मला कागदावर करून दाखवायचं होतं. पण ते रान आता तिला जेवढं दिसणार ते माझ्या हातून दिसणार होतं. माझं चुकलं, तर तिला ते पुन्हा दिसायचं नव्हतं.

नवी पेठेत रंग आणि कागद घ्यायला गेले तर दुकानदाराने विचारलं, "नातू कितवीला आहे?" मी म्हणाले, नातवाला नाही, आईला पाहिजेत. त्याने चांगल्यातले कागद काढून दिले.

मामाच्या मुलाने अजून ज्वारीच्या कडेने करडईच्या थोड्या ओळी ठेवल्यात. सकाळी गारव्यातच मी बांधावर जाऊन बसले आणि पहिल्यांदा काही न काढता नुसती बघत राहिले. तुम्ही असतात तर तुमच्या लक्षात आलं असतं, करडईचं केशरी दुपारी भडक दिसतं, पण सकाळी त्यात थोडा गुलाबी असतो. खारीच्या ब्रशाने एकेक काटा काढत गेले. एका फुलाकडे इतका वेळ बघितलं की तेवढं सलग मी नवऱ्याकडेही कधी बघितलेलं नाही. आभाळाचा निळा कागदाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेईपर्यंत पहिलं टोक उन्हाने वाळायचं, मग शिव्या, मग पुन्हा पाणी. एका शेळीने माझं रंगाचं पाणी पिऊन टाकलं आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली. मांडीत मुंग्या, साडीत काटे, आणि मी आपली स्वतःशीच गुणगुणतेय. घरात बसून फोटोवरून काढण्यात हे सुख नाही अप्पा, काडीइतकंही नाही.

लिंबाची उंची मोजायला एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरली आणि तिथेच घोटाळा झाला. पलीकडच्या रानातून म्हातारे पाटील काठी टेकत लगबगीने आले. "बाई, मोजणीला आलाय व्हय?"

"न्हाई हो. चित्र काढतेय, आईसाठी."

त्यांचा विश्वास बसला नाही. वाकून कागद बघितला. "बांध कुटं धरलाय ह्यात? ह्यो तर आमच्यात शिरलाय. लिंबाच्या हिकडं घ्या की हातभर."

तेवढ्यात विहिरीवरून मामाचा मुलगा पळत आला. "आक्का, आजिबात घ्यायचा न्हाय! काढलाय तितंच ऱ्हाऊ दे!"

दोघांचं रानातल्या बांधावरून चाललेलं भांडण माझ्या कागदावर आलं. कागद एकाने या बाजूने धरलेला, दुसऱ्याने त्या बाजूने. रंग ओला. शेवटी मी त्या बांधावर करडई इतकी दाट फुलवली की बांध मुळात आहे कुठे हेच कुणाला सांगता येईना. दोघंही खूश झाले. मग पाटलांनी मला निरखून बघितलं. "मास्तरांची लेक व्हय तुमी? आरं तिच्या! मास्तरांनी तर आमच्या रानात आख्खा डोंगर घातला हुता. मी बारका हुतो, बगत हुतो की हितंच बसून. आवंदा कुटं घालताय?"

मी म्हणाले, "यंदा डोंगर नाही."

"बरं," ते जरा नाराज झाले. "मग आमचं रान लई बारकं दिसंल."

चित्र घरी आणलं तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. खिडकीपाशी धरून तिने चष्मा लावला. मला परीक्षेच्या निकालाला वाटली नव्हती तेवढी भीती वाटत होती. "हीर," ती म्हणाली. "लिंब." बोट करडईवरून हळूहळू फिरलं. "हितं आमी दडून बसायचो, आन् घरी गेल्यावर आई परकराचे काटे काढत बसायची." तिचा आवाज बदलला होता. मला वाटलं, झालं, जमलं. मग बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"डोंगर कुटाय?"

मला वाटलं चेष्टा करतेय. "आई, तूच म्हणालीस की, जसं हाय तसं काढ म्हणून."

"म्हणले की. म्या कुटं न्हाय म्हणतेय?" तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावून बघितलं. "पण मागं कायच न्हाय गं. सगळं उगडं पडलंय." मग चिडून, आणि ते चिडणं माझ्यावर नव्हतं, "इतकी वर्सं रोज भाकरी थापताना बगितलाय मी त्यो मेला डोंगर. आता त्याच्याबिगर माजं म्हायेर मी वळकू कसं?"

मी पाणी घेतलं, ब्रश घेतला आणि तिच्यासमोर डोंगर काढला. एकच. ती शेजारी बसून सांगत होती, "आजून जरा डावीकडं. तितं मोडलेला हुता बग थोडा. आता धुकं." धुकं झाल्यावर तिचं समाधान होईना. उठून मसाल्याचा डबा काढला आणि चिमूटभर हळद माझ्या पाण्यात टाकली. मग म्हणाली, "हां. आत्ता."

आता ते चित्र बाहेरच्या खोलीत लागलंय, दारातून आत आलं की समोर. आल्यागेल्याला ती सांगते, "माजं म्हायेर." परवा कुणीतरी म्हणालं, माढ्याकडे डोंगर कुठला हो आजी? तर म्हणते, "तुमी नीट बगितलं नसंल."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमचा पत्ता नाही, आणि आईच्या हाती लागलं तर ती त्यातलं तिचं सगळं बोलणं नाकारेल. पण एक राहिलं. डोंगर काढताना आई म्हणाली होती, "बरं झालं, वर जागा हाय." मी म्हणाले, अशीच राहिली असेल. अप्पा, अशीच राहिली नव्हती. त्या सकाळी बांधावर बसले होते तेव्हाच, पाटील यायच्याही आधी, आभाळाचा निळा खाली आणता आणता मी हात आवरता घेतला होता आणि करडईच्या वर चार बोटं कागद कोरा सोडला होता.