पाय मोडला नाही

प्रिय आई,

काल प्रयोगाआधी पडद्याआड माझ्याबरोबर नाचणारी तैसिया शुभेच्छा म्हणून नेहमीसारखी म्हणाली, "जा, आपटून ये!" यावर "मसणात जा" म्हणायचं, आभार मानले तर खरंच पाय मोडतो, हे तूच मला पेर्मच्या बॅले शाळेत सोडताना शिकवलंस. मी मुद्दाम म्हटलं, "आभारी आहे गं."

ती पांढरीफटक पडली. "वेडी का तू? थुंक, डाव्या खांद्यावरून थुंक!"

नाही थुंकले. मला घरी यायचं होतं, आणि पाय मोडलेल्या मुलीला तू दारातून परत पाठवलं नसतंस.

पण मेल्या पायांनी ऐकलं नाही. इतकी सुंदर मी कधीच नाचले नव्हते. आता मुख्य भूमिका माझ्याकडे आली आहे. तू आनंदानं रडशील.

हे पत्र नाचाच्या बुटाच्या टोकात कोंबते. उद्या यावरच उभी राहीन.

तुला हवी होती तशी,
रिम्मा