गायनवृंदाची निवड आणि एक शंका

आदरणीय मामा,

प्रभूमध्ये सलाम. तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा आहे. हे पत्र जावई म्हणून नाही, एका निवृत्त पाळकांना साधा भाविक म्हणून लिहितो आहे. शंका निव्वळ धर्मशास्त्राची आहे (घरगुती अजिबात नाही).

आमच्या चर्चच्या नव्या पाळकांनी गायनवृंदासाठी आवाज निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. उपासनेत पेटी मीच वाजवतो, म्हणून हा मान. वशिल्याचा बोभाटा नको म्हणून मी मधे पडदा लावला. गाणारे पलीकडे, मी अलीकडे. (अक्कल चरायला गेली की माणूस फार न्यायी होतो.) तिसरा आवाज ऐकून मी ठणकावून सांगितलं, की बाई, हा आवाज देव सहन करील, मंडळी करणार नाही. पडदा सरकला आणि तुमची कन्या बाहेर आली. नवऱ्याला बायकोचा आवाजही ओळखू येऊ नये का, असं तुम्ही म्हणाल. पण मामा, घरी ती माझ्याशी गाऊन कुठे बोलते? आता तर न गाताही बोलत नाही. दुसऱ्याच दिवशी बॅग भरून ती तुमच्याकडे आली, ते तुम्ही जाणताच.

रविवारी पाळकांनी नेमका विषय घेतला, देवाची निवड. देव लायकी बघून निवडत नाही, केवळ कृपेनं निवडतो, असं ते सांगत होते आणि अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून बसलो. देवानं मला जवळ केलं ते माझा सूर ऐकूनच, अशी आजवर माझी पक्की समजूत होती. तीच गेली. कृपा कमावता येत नसेल, तर ज्याला ती मिळालीच नाही त्यानं करायचं काय? या विचारानं झोप लागत नाही.

आमच्या लग्नाआधी तुम्ही तिला माझ्यादेखत विचारलं होतंत, "याच्यात एवढं आहे तरी काय?" ती म्हणाली होती, "काही नाही. पण मला हाच हवाय." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, सगळं प्रवचन त्यातच आलं.

तुमचा नम्र,
जावई (चुकून लिहिलं, भाविक)

ता. क. शंकेचं उत्तर सवडीनं पाठवा. तिला मात्र लगेच पाठवा.

ता. क. आणखी एक. तिला गायनवृंदात घेतलं आहे, असं काही सांगू नका, घेतलेलं नाही. तिचा सूर खरंच लागत नाही. पण तिच्यावाचून मला घास उतरत नाही. हे शेवटचं वाक्य तेवढं मोठ्यानं वाचून दाखवा.