पाचव्या दिवशीचं बारसं

१२ एप्रिल २००२
फेब्रुवारीपासून लिहायचं टाळतोय. लिहिलं की खरं होऊन बसतं. अनुश्री, माझी बायको, महूला माहेरी गेली. मी म्हणालो म्हणून — आपल्याला मूल नको.
पैशाचं नाही. मिल बंद पडली तरी बाबांनी मला पोसलंच. पण पाणी? चाळीचं बोरिंग आटलं. बाबा म्हणतात, पूर्वी मालव्यात भर उन्हाळ्यात रात्री चादर लागायची. आता पहाटेसुद्धा भिंत तापलेली! भंवरकुआं चौकात चहाच्या ठेल्यावर एक प्रोफेसर सांगत होते — अभी तो शुरुआत है, धरती और तपेगी. (चहा मात्र झकास होता.) ज्याला पाणी देता येणार नाही, त्याला बोलवायचं कशाला?
अनुश्री म्हणाली होती, "तुम्हाला कोणी विचारून आणलं होतं? जगताय ना!"
आणि बॅग भरली. 

१५ एप्रिल
टँकर आला नाही.

१९ एप्रिल
आला! चाळीचा नियम — माणशी दोन बालट्या. आणि बारसं झाल्याशिवाय पोर माणसात धरत नाहीत. म्हणून शेजारच्या गंगूबाईंनी नातीचं बारसं पाचव्याच दिवशी उरकलं. पाळणा नाही, गाणी नाही. टँकरपाशीच कानात नाव सांगितलं — मधुरिमा — आणि बालट्या पुढे सरकवल्या. "अब गिनो भिया!" सगळे हसले. मीपण. घरी येऊन जेवण गेलं नाही.

४ मे
निघालो होतो लालबाग पॅलेसकडे, रस्त्यात नसबंदीचा कॅम्प दिसला. शिरलो आत.
"बच्चे कितने?"
बिनलेकराच्या माणसाला परत पाठवतात म्हणे. "दो," ठोकून दिलं.
"नाम?"
देवांश, सुरभी. तोंडातून आपोआप निघाली.
झालं. इतकं सोपं!

५ मे
दुखतंय. बाबांना सांगितलं.  मग म्हणाले, "मिल बंद, बोरिंग बंद, आता वंशही बंद. शाबास!"
अनुश्रीला सांगायला हवं. आज नको.
देवांश, सुरभी. नावं कशाला ठेवली मी!

११ मे
अनुश्री आली. आत्ताच, न कळवता. पाचवा महिना आहे! दारातूनच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर पाडायला दवाखान्यात नेलं असतंत. पुढचं मूल मात्र तुम्हाला विचारूनच हं." आणि हसली.
बाबा माझ्याकडे बघतायत.