खरा सण पुढच्या महिन्यात

मैत्री बाळा, जयभीम.

काल चौदा ऑक्टोबर होता. मी सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "दसरा तो हो गया ना?" आपला धम्मचक्र दिन वेगळा, हे त्याला दरवर्षी सांगतो. यंदा नाही सांगितलं.

संध्याकाळी इथे आखातात, जुफैर भागातल्या एका फ्लॅटमध्ये एसी दुरुस्तीला गेलो. हेलनबाई कॅनडाच्या. एसी बंद पडला म्हणून त्याच मला सॉरी म्हणत होत्या. टेबलावर सहा ताटं मांडलेली आणि माणूस एकही नाही. त्यांच्याकडचं थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानायचा सण, काल होता. शेजारी सगळे अमेरिकन. ते म्हणाले, खरा सण नोव्हेंबरात असतो, तेव्हा जमू. "सगळे मला अमेरिकनच समजतात," बाई हसून म्हणाल्या. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

एसी सुरू झाल्यावर त्यांनी मलाच जेवायला बसवलं. जेवणाआधी आपण कशाबद्दल आभारी आहोत ते प्रत्येकाने सांगायचं, अशी त्यांची रीत. बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबलात, त्याबद्दल." मग माझी पाळी आली. मी तुटक्या इंग्रजीत सांगितलं, माझी मुलगी मला रोज फोन करते.

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी तुझं नाव विचारलं. निघताना म्हणाल्या, उद्या तिचा फोन आला की माझा हॅलो सांगा.

हा निरोप पत्रातून कळवला, तर मी खोटा ठरेन. म्हणून हे पत्र टाकत नाही. त्यांचा हॅलो माझ्यापाशीच ठेवलाय. कधी तुझा फोन आलाच, तर सांगेन.

तुझे पप्पा