दादाच्या खाटेखालची शहाळी

प्रिय दादा,

तुला हॉस्पिटलातून घोडपदेवच्या खोलीत आणायला चार माणसं, एक प्लास्टिकची खुर्ची, अठ्ठावन्न पायऱ्या आणि माझा उजवा खांदा एवढं खर्ची पडलं. ही दिसणारी किंमत. उरलेली मांडायला मला वर्ष लागलं.

आज लिहायला बसलो, कारण काल आपल्या मजल्यावरच्या कदमकाकूंना घरी आणलं. त्यांचंही तुझ्यासारखंच, किडन्या थकलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांचा मुलगा म्हणाला, "नाना, तुम्ही चला. तुम्हाला अनुभव आहे." अनुभव!

तुझ्या वेळी मी केवढ्या तोऱ्यात होतो, आठवतं? बांबू वाहता वाहता मंडपवाला झालेला माणूस मी. लालबागला कोण कुणाच्या कानात काय कुजबुजतो, ते समोरच्या फुटपाथवरून ऐकून धंदा केला. त्या दिवशीही एका कानाला फोन, "बांबू परळला उतरव रे," आणि दुसऱ्या कानाशी सिस्टर.

"काका, काय खायचं, काय नाही, सगळं यात लिहिलंय. वाचलंत ना?"

मी कागदावरून नजर फिरवली, सही ठोकली. "सगळं समजलं, सिस्टर. माझ्यापासून काही सुटत नाही." तू खुर्चीत बसून हसलास. अभिमानाने हसलास रे! त्यापेक्षा एकदा विचारायचंस, काय समजलं ते सांग बघू.

मग चाळ भेटायला आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण येतं? संध्याकाळपर्यंत खाटेखाली अकरा शहाळी! पाणी मोजून द्यायचं, एवढं वहिनीच्या कानावर होतं. म्हणून तिने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि त्याच मापाने शहाळं द्यायला लागली. "पाण्यापेक्षा बरं ना, भावजी?" मी म्हणालो, "ताकद येईल." तूही म्हणालास, "शाळ्याच्या पाण्यान काय होवचा नाय."

तिसऱ्या दिवशी तुझे पाय उचलेनात, छाती धडधडायला लागली. त्याच पायऱ्यांवरून खाली नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शहाळं दिलंत का?" त्यातला क्षार आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही, तो थेट हृदयाला भिडतो. कागदात लिहिलं होतं म्हणे. तुला पुन्हा वर आणायची वेळ आली नाही.

मी रडलो नाही. तेराव्यापर्यंतची व्यवस्था चोख केली, ती मला जमते.

वहिनी मात्र शहाळेवाल्याची गाडी दिसली की अजून रस्ता ओलांडते. "माझ्याच हातानं दिलं, भावजी," म्हणते. आणि मी वर्षभर ऐकून घेतो! कसं ऐकवलं मला?

काल फोन बंद ठेवला. सिस्टरना म्हटलं, "बाई, तोंडी सांगा, हळू सांगा, परत सांगा." काकूंच्या सुनेकडून सगळं मराठीत उतरवून घेतलं आणि दाराबाहेर लावलं, भेटायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. तरी एक जण शहाळं घेऊन आलाच. ते मी उंबऱ्यातच पिऊन टाकलं.

दादा, शब्द देतो. येत्या रविवारी वहिनीसमोर बसेन आणि सांगेन, चूक तुमची नव्हती. तो कागद इंग्रजीत होता, आणि मला इंग्रजी वाचता येत नाही.

तुझा,
सुऱ्या